बियासच्या अलीकडे

आमचे सर सिकंदराच्या मार्गानं हिंदुकुश ओलांडायला निघाले, तेव्हा त्यांच्या पायात जँडल्स होत्या. न्यूझीलंडमध्ये स्लिपरला जँडल्स म्हणतात आणि लोक त्या घालून बँकेतसुद्धा जातात. हे कळलं त्या दिवसापासून सरांनी बूट कपाटात टाकले ते टाकलेच.

"अहो, डोंगरात पाय गारठतील," मी म्हटलं.

"सिकंदराच्या सैनिकांना काय बायकांनी लोकरीचे मोजे विणून दिले होते?" सर म्हणाले आणि ऐटीत गाडीत जाऊन बसले.

सर म्हणजे माझे यजमान, यादवराव. जन्मभर त्यांनी नांदेडच्या शाळेत इतिहास शिकवला. अख्खं नांदेड त्यांना सर म्हणतं, मग मी एकटीनं वेगळं काय म्हणायचं? मी कलावती. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. संध्याकाळी घरी यावं तर सर बोलायला तयारच असायचे. म्हणजे तशी माझी ड्युटी कधी सुटलीच नाही.

सरांचं एकच स्वप्न होतं. सिकंदर जिथून निघाला तिथपासून, वाळवंटं आणि डोंगर तुडवत, तो जिथून मागे फिरला त्या बियास नदीपर्यंत जायचं. आमच्या बैठकीत एका भिंतीवर बुद्ध, दुसऱ्या भिंतीवर बाबासाहेब आणि तिसऱ्या भिंतीवर सिकंदराच्या मोहिमेचा नकाशा. "बौद्धाच्या घरात हा लढाया मारणारा कशाला?" असं कुणी विचारलं की सर सरसावून बसायचे. "सिकंदर आला म्हणून मागोमाग यवन, म्हणजे ग्रीक, आले. यवन आले म्हणून मिनँडर राजा झाला. मिनँडर म्हणजे कोण? आपला मिलिंद! त्यानं भन्ते नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारले आणि उत्तरं पटल्यावर मान लववली. जग जिंकणारे पुष्कळ झाले हो, प्रश्न विचारणारा राजा हा एकच!" मुलाचं नावही त्यांना मिलिंदच ठेवायचं होतं. पण आमच्या वस्तीत 'मिलिंद' अशी हाक मारली की चार घरांतून 'ओ' यायची. म्हणून मैत्रेय.

स्वप्न काही पुरं झालं नाही. आधी रजा नव्हती. रजा मिळायला लागली तेव्हा वाटेतल्या एका देशात लढाई, तर दुसरा व्हिसा देईना. मग सरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिन्याकडेसुद्धा बघू नका म्हणून सांगितलं आणि नकाशा गुंडाळून माळ्यावर गेला. त्या दिवशी सर जेवले नव्हते.

पुढे आम्ही मैत्रेयाकडे ख्राइस्टचर्चला आलो. भूकंपानंतर नव्यानं उभ्या राहिलेल्या या शहरात तो इमारतींचा इंजिनिअर आहे आणि सूनबाई अक्षता इस्पितळात नोकरीला. एक दिवस सर न्यूझीलंडचा नकाशा बघता बघता एवढ्यानं ओरडले की माझ्या हातातली डाळ सांडली.

"कलावती! अलेक्झांड्रिया!"

सिकंदर जाईल तिथे आपल्या नावाचं शहर वसवायचा, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. मी चष्मा लावून बघितलं.

"अहो, इथे अलेक्झांड्रा लिहिलंय. शेवटी ड्रिया नाही, ड्रा आहे. बाईचं नाव वाटतं."

"छापताना एखादं अक्षर उडालं असेल. त्याच्याखाली बघ, रॉक्सबर्ग! सिकंदराच्या बायकोचं नाव रॉक्साना. आणि शेजारी क्लाइड! सिकंदराचा जिवलग मित्र क्लायटस! कुणीतरी इंग्रज सर्वेअर सिकंदराचा भक्त असणार. आणि वाट बघ. आधी कोरडा माळ, मग लिंडिसची खिंड, मग नदी. वाळवंट आलं, हिंदुकुश आला, नदी आली. मला जाता येत नव्हतं, तर सिकंदर चालत माझ्या दारात आला गं!"

आमची नात आरुषी सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलायचं मात्र बहुतेक इंग्रजीत. ती म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो रँडम."

"रँडम नाही बाळा, इतिहास!"

मैत्रेयाला बापाचा तो चेहरा बघून भरून आलं. गाडीत नुसतं बसायला डॉक्टरांची काही हरकत नव्हती. शनिवार ठरला. अक्षताची ड्युटी होती, म्हणून मोहिमेवर आम्ही चौघंच.

इथवर सगळी गंमत होती. आदल्या संध्याकाळी मी वाटेसाठी धपाटे थापत होते, तेव्हा सर ओट्याशी येऊन म्हणाले, "नितीशला उद्या अलेक्झांड्रियातूनच फोन करतो. घराचा होकार सिकंदराच्या गावातून कळवायचा. काय थाट!"

धपाटा तव्यावर करपला.

नितीश सरांचा जुना विद्यार्थी. नांदेडचं आमचं घर त्याला विकत हवं होतं. आम्ही दोघांनी आता कायमचं इथेच राहावं, असं मैत्रेयाचं मत. बापलेकांनी बसून ठरवलं आणि जेवताना मला सांगितलं. सांगितलं, बरं का. विचारलं नाही. आणि मी वरण वाढता वाढता म्हणाले होते, "हं."

नांदेडचं घर म्हणजे काही राजवाडा नाही. लिफ्टचा तिसरा मजला, दोन खोल्या, एक गॅलरी. गॅलरीत पानओव्याची कुंडी, तिला सध्या समोरची सुलभा पाणी घालते आणि भज्यांसाठी पानंही तोडते, मला माहीत आहे. रविवारी विहारात वंदना झाली की बायका माझ्याभोवती बसतात, कुणाला वाचायला शिकायचं असतं, कुणाला नुसतं रडायचं असतं. चपला घातल्या की कोपऱ्यावर भाजी. इथे सगळं छान आहे. हवा छान, माणसं छान, सूनबाई तर लेकीसारखी. पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी आधी कुणाच्या तरी वेळापत्रकात जागा शोधावी लागते. मी इथे सुखात होते, पण कायम कुणाच्या तरी गाडीत होते.

तेव्हा उद्या अलेक्झांड्रा येईपर्यंतच मला बोलायची मुदत होती. एकदा फोनवर शब्द गेला की सर तो मागे घेणार नाहीत. शब्दाचे पक्के, हीच तर अडचण.

शनिवारी पहाटे निघालो. सर पुढे मैत्रेयाजवळ, मी आणि आरुषी मागे. सपाट रान संपून पिवळा पडलेला उघडा माळ लागला. फेब्रुवारीतला उन्हाळा, नजर जाईल तिथे वाळकं गवत.

"वाळवंट!" सर म्हणाले.

"बाबा, त्या मेंढ्या चरतायत," मैत्रेय म्हणाला.

"इराणी सैन्यही असंच पसरलं होतं."

आरुषीनं कानात इअरफोन घातले. मलाही घालावेसे वाटले. ओठांवर सारखं येत होतं, 'अहो, जरा ऐका.' पण सरांच्या दोन वाक्यांत सुई शिरायला जागा नव्हती. बोर्डावर असते तर ट्रंक कॉलसारखं मधेच 'थ्री मिनिट्स ओव्हर' म्हणता आलं असतं.

वाटेतल्या ओमारामा गावी झाडाखाली बसून आम्ही धपाटे खाल्ले. सैन्य पोटावर चालतं म्हणत सरांनी चौथा घेतला आणि बियासची गोष्ट सांगितली. मैत्रेयानं ती लहानपणी शंभरदा ऐकलेली, तरी तो हसून ऐकत होता. "बियासच्या काठावर सैन्य बसलं ते बसलंच. म्हणालं, वर्षानुवर्षं तुझ्यामागे चाललो, आता घरी जाऊ दे. सिकंदर चिडला, तंबूत जाऊन तीन दिवस रुसून बसला. कुणी समजूत काढायला येईना! मग त्यानं काय केलं? शकुन बघितला. शकुन वाईट निघाला. मग म्हणाला, देवांचीच इच्छा नाही, चला माघारी. सैन्यापुढे वाकलो म्हणायला नको! हुशार माणूस."

"आणि सैन्य?" मी विचारलं.

"सैन्याचं काय? सैन्य रडलं आनंदानं." सरांनी ठेच्याचं बोट चाटलं. "पण अगं, गोष्ट सिकंदराची आहे."

मी डबा बंद केला.

लिंडिस खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबली. चहूकडे सोनेरी गवताचे डोंगर आणि अंगावर येणारं वारं. सर जँडल्स फटफटवत कठड्यापर्यंत गेले. वाऱ्यानं टोपी उडवली, आरुषी तिच्यामागे धावली, पण सरांचं लक्षच नव्हतं. ते दोन्ही हात पसरून उभे होते. ऑपरेशननंतर इतका ताठ उभा राहिलेला हा माणूस मी बघितला नव्हता. ते मागे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"पोचलो गं, कलावती."

आता या माणसाला काय सांगणार? मला त्यांचा रागही आला आणि माया पण आली, आणि दोन्ही एकदम आलं की मला नेहमी गप्पच बसावंसं वाटतं. मी गाडीत जाऊन बसले. गाडी घाट उतरून पलीकडच्या उन्हात शिरली.

दुपारी क्लाइडला पोचलो. छोटंसं दगडी घरांचं गाव, खाली निळीशार वाहती नदी. अलेक्झांड्रा इथून दहा मिनिटांवर. आरुषीला आइस्क्रीम हवं होतं, म्हणून ती आणि मैत्रेय डेअरीत गेले. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, दुधाशी तिचा संबंध असलाच तर थोडासा. आम्ही दोघं नदीकाठच्या बाकावर बसलो.

आणि मला ओव्याचा वास आला.

आधी वाटलं, माझाच डबा सांडला. मग बघितलं तर बाकामागच्या उतारावर खडकांतून बारीक पानांची झुडपं पसरलेली. मी चिमूटभर पानं चुरडली. हुबेहूब ओवा. एवढ्या लांब, या कोरड्या डोंगरात, माझ्या गॅलरीचा वास. मला तिथल्या तिथे रडू आलं. पदरानं डोळे पुसले. सर घड्याळ बघत होते.

"नितीश आता उठला असेल," ते म्हणाले. "आणि हे क्लाइड बरं का, क्लायटसचं गाव. भर मैफिलीत त्यानं सिकंदराला तोंडावर खरं सुनावलं. सिकंदरानं भाला घेतला आणि खुपसला. मग जन्मभर पस्तावला."

"तुम्ही भाला आणलाय बरोबर?"

"भाला? नाही गं."

"मग मी खरं सांगते. मी इथून पुढे येत नाही."

"पाय भरून आले असतील तुझे. गाडीत बसूनच तर जायचंय, दहा मिनिटं."

"पाय धड आहेत माझे. नितीशला फोन करायचा नाही. घर विकायचं नाही. मला नांदेडला जायचंय."

सर माझ्याकडे असे बघत राहिले की जणू वर्गातला बाकच बोलायला लागला.

"पण तू हो म्हणाली होतीस!"

"मी हं म्हणाले होते."

"तेच ते."

"तेच ते नाही!" माझा आवाज चढला. नदीकाठचं एक बदक पाण्यात गेलं. "सगळी नोकरी मी बोर्डावर बसून हं म्हटलं. हं म्हणजे लाइन चालू आहे, ऐकू येतंय, बोला. हो म्हणजे हो. बदली घेतलीत, मी हं म्हटलं. घरात ट्यूशनचा वर्ग भरवलात, मी हं म्हटलं. इथे आणलंत, हं म्हटलं. तुम्ही संसारभर माझ्या हंला हो धरून चाललात. मिलिंद राजाचे गोडवे गाता ना? प्रश्न विचारणारा राजा! मला एक तरी प्रश्न विचारलात आजवर?"

  सर उठले, गाडीत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं.

म्हटलं, बसा तंबूत.

मैत्रेय आणि आरुषी आइस्क्रीम घेऊन आले. मैत्रेयानं एकदा बंद गाडीकडे बघितलं, एकदा माझ्या डोळ्यांकडे. मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या पायाशी गवतात बसला. त्याच्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटावर आलं तरी त्याला कळलं नाही.

"आई, आमच्याकडे काही कमी पडलं का गं?"

"काही कमी नाही रे. पण माझं असंही काही नाही."

"तू कधी बोलली नाहीस. मला वाटलं, तुला आवडतंय इथे. तू सगळ्याला हं म्हणतेस."

"बापाचा मुलगा शोभतोस," मी म्हटलं आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. त्याला सोडून जाताना माझं काळीज तुटणार, हे मला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं. तरी जायचं होतं. दोन्ही खरं होतं, त्याला मी काय करू?

आरुषी आमच्याकडे बघत उभी होती. "आजी, सो यू आर नॉट स्टेइंग?"

"येत जाईन गं. आणि तू ये. आलीस की मराठीत भांडू."

तिनं ओठ चावला. मग कुणीतरी काहीतरी करायला हवं असं तिला वाटलं असावं. ती सरळ गाडीपाशी गेली आणि काचेवर टकटक केलं. काच अर्धी खाली आली.

"आजोबा, डेअरीमधली लेडी म्हणाली, अलेक्झांड्रा वॉज अ प्रिन्सेस. फ्रॉम डेन्मार्क. टाउनचं नाव तिच्यावरून आहे. नॉट युअर गाय." आणि थोडं थांबून म्हणाली, "आय अ‍ॅम सॉरी."

काच पुन्हा वर गेली. मला धडकी भरली. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस, मी एवढं बोलायला नको होतं की काय! मी उठणार, तेवढ्यात दार उघडलं. सर बाहेर आले. टोपी सारखी केली.

"बाई निघाली," ते म्हणाले.

"मी म्हटलं होतं," मी म्हटलं.

"म्हटलं होतंस." सरांनी रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे, अलेक्झांड्राच्या दिशेनं, एकदा नीट बघून घेतलं. मग घसा साफ केला. "मैत्रेय, गाडी वळव. शकुन चांगला नाही."

त्यांनी माझ्यादेखत नितीशला फोन लावला. स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावं म्हणून.

"जय भीम सर! मग घराचं फायनल ना?"

"जय भीम. नाही रे नितीश, घर नाही द्यायचं."

"का सर? काही अडचण?"

"सैन्य पुढे यायला तयार नाही."

"कुठलं सैन्य, सर?"

"तुमच्या बाई," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

परतताना आरुषीला पुढची सीट मिळाली. "स्वीट अ‍ॅज!" असं इथल्या पोरांचं 'झकास' म्हणत तिनं आपली गाणी लावली. सर मागे माझ्याजवळ बसले. हिंदुकुश पुन्हा चढायला लागलो. मेंढ्या आल्या, इराणी सैन्य आलं नाही. मैत्रेय आरशातून सारखा मागे बघत होता. मीही मनातून हबकले होते. मला घर मिळालं होतं, पण सरांचं काय ठरलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांचा जीव या नातीत. तिला रोज शाळेतून आणायला चालत जाणारा हा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कशाला येईल? मी एकटीनं राहायची तयारी मनाशी करून बघितली. एकटीपुरता भात कुकरला कसा लावायचा, इथवर आले आणि पुढे विचार करवेना.

खिंडीच्या माथ्यावर काच थोडी उघडी होती. वारं आत आलं.

"तुला गार वाटतंय का?" सरांनी विचारलं.

मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. "नाही," मी म्हटलं. "तुमचेच पाय गारठलेत." त्यांची बोटं जँडल्समध्ये पार निळी पडली होती. मी शाल त्यांच्या पायांवर टाकली.

सर शालीच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग खिशातून त्यांनी काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ओव्याच्या वासाची ती बारीक पानं होती. कधी तोडली होती कुणास ठाऊक.

"कलावती," ते हळूच म्हणाले, पुढे ऐकू जाऊ नये म्हणून. "मीपण आलो नांदेडला, तर चालेल तुला?"

मी पानांवर मूठ मिटली. 

"हं," मी म्हटलं.

सर जरा पुढे झुकले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. परीक्षेला बसलेल्या पोराचं तोंड होतं ते.

"हं म्हणजे लाइन चालू आहे," त्यांनी विचारलं, "की हो?"

"हो," मी म्हटलं.